ग्रॅमचा हिशेब

वऱ्हाडातल्या जुन्या बायकांना विचारा, एक गोष्ट त्या ठासून सांगतील. सातव्या महिन्यात झालेलं लेकरू वाचतं, आठव्यातलं वाचत नाही. आमच्या वरूडच्या घरीही हेच ऐकायला मिळालं. "सातमाशी जगते बाप्पा, आठमाशीचा भरोसा नाई," असं म्हणून बायकोच्या आजीनं आम्हाला धीर दिला. आमची मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली होती, म्हणजे सातमाशीच. त्या दिवसांत कुणी काहीही चांगलं बोललं तरी हवंच होतं. पण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पारड्यात पडतो आणि आठमाशी बाळ सातमाश्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतं.

हा समज एकट्या वऱ्हाडाचा नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथांत ‘आठव्या महिन्याचं मूल’ या विषयावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे आणि ते मूल जगत नाही असंच त्यात म्हटलं आहे. दोन हजारांहून अधिक वर्षं हा समज टिकला कसा? मला वाटतं, सातव्या महिन्यातलं एखादं वाचलं की त्याची गोष्ट गावभर होते, आणि न वाचलेल्यांची कुणी मोजदादच ठेवत नाही.

डॉक्टर महिने मोजतच नाहीत. ते शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजतात. सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आत झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास भारतात. कारणं बरीच आहेत: आईचा रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळं, अंगात रक्त कमी असणं, दोन बाळंतपणांत अंतर कमी पडणं. उन्हाचा पारा चढतो तसा धोकाही थोडा चढतो, असं जगभरच्या अभ्यासांची एकत्रित पाहणी सांगते, आणि विदर्भाचा मे महिना कसा असतो हे मी सांगायला नको. पुष्कळदा मात्र कारण सापडतच नाही. घरच्यांना ते लगेच सापडतं. पपई खाल्ली, ग्रहण पाहिलं, जिना चढली. बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून हे बोलणाऱ्यांना खोलीबाहेर काढणं हे नवऱ्याचं पहिलं काम. ते मी केलं.

बायकोचा रक्तदाब डिसेंबरातल्या एका संध्याकाळी वाढला. आंबिया बहाराची तोडणी सरत आली होती आणि रस्त्यावर संत्र्याच्या ट्रका लागलेल्या होत्या. वरूडपासून अमरावती मोर्शीमार्गे नव्वदेक किलोमीटर, नागपूर काटोलमार्गे शंभरच्या आतबाहेर. अडलेल्या बाळंतपणाला वरूडकरांपुढे हे दोनच रस्ते असतात. डॉक्टरांनी गाडी बोलवायला सांगितली आणि गाडी येईपर्यंत दोन कामं केली. रक्तदाबाचं औषध दिलं आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्या इंजेक्शनाची किंमत रुपयांत मोजली तर हसू येईल इतकी कमी आहे. आमच्या मुलीच्या पुढच्या महिन्याभरातलं सगळ्यात मोलाचं औषध मात्र तेच होतं, हे मला फार नंतर कळलं.

त्याचं कूळ न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांपर्यंत जातं. ग्रॅहम लिगिन्स हे डॉक्टर प्रसूती कशानं सुरू होते याचा शोध गाभण मेंढ्यांवर घेत होते. स्टेरॉइड दिल्यावर दिवसांआधीच जन्मलेलं एक कोकरू श्वास घेताना दिसलं. खरं तर त्या वयाच्या कोकराला श्वास घेता यायला नको होता. औषधानं फुप्फुसं लवकर पिकवली होती. १९७२ साली लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी माणसांवरचे निष्कर्ष छापले, तरी सगळीकडे वापर व्हायला आणखी वीसेक वर्षं गेली. भारतात २०१४ पासून सरकारी सूचना अशी आहे की चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या, तर मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस नर्सताईनंही द्यावा. बारा-बारा तासांनी एकूण चार डोस. सगळे देऊन झाले नाहीत तरी मिळाले तेवढ्यांचा उपयोग होतो.

औषध चांगलं म्हणून ते सरसकट टोचायचं असं मात्र नाही. नागपूर आणि बेळगाव परिसरासह सहा देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यांचा अंदाज कच्चा आणि पुढे बाळाला सांभाळायची सोय नाही, अशा ठिकाणी हे इंजेक्शन वाटत गेल्यानं फायदा तर दिसला नाहीच, उलट एकूण बाळमृत्यू थोडे वाढलेले आढळले. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवायचा. पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो.

आमची मुलगी दुसऱ्या दिवशी अमरावतीत सिझेरियननं झाली. वजन १,१८० ग्रॅम. ती आईच्या पोटात असतानाच तिला अमरावतीला नेलं हे दुसरं मोठं काम साधलं होतं. जन्मल्यावर न्यायचं म्हणजे डिसेंबराची थंडी, गाडीतले हिसके आणि ऑक्सिजनचा भरवसा नाही. अशा लेकराच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ असते आणि अंगातली ऊब मिनिटांत उडते. शरीराचं तापमान साडेछत्तीस अंशांखाली गेलं की त्याचा श्वास, साखर, रक्ताची आम्लता असं एकेक बिघडत जातं. अतिदक्षता विभागात ‘इनबॉर्न’ आणि ‘आउटबॉर्न’ अशा दोन बाजू असतात, तिथंच जन्मलेली आणि बाहेरून आणलेली. आउटबॉर्न बाळांची तब्येत बहुधा अधिक नाजूक असते, कारण त्यांनी रस्ता पाहिलेला असतो. धारणीहून सेमाडोहच्या घाटातून अमरावती गाठणाऱ्यांच्या मानानं आमचा वरूडचा रस्ता म्हणजे चैनच.

मुलगी रडली, पण श्वास घेताना छाती आत ओढत होती. फुप्फुसांतल्या बारीक पिशव्यांना आतून सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध थर असतो. तो नसला तर प्रत्येक उच्छ्वासानंतर पिशव्यांच्या भिंती ओल्या पन्नीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि प्रत्येक श्वासाला त्या नव्यानं सोडवाव्या लागतात. बाळ दमतं ते या कष्टानं. मेरी एलन एव्हरी यांनी हे कारण १९५९ साली दाखवून दिलं. चार वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो. देशातली उत्तम डॉक्टर मंडळी हजर असूनही तो ३९ तासांत याच आजारानं गेला. कारण माहीत होतं, उपाय नव्हता. हलक्या दाबानं हवा देत राहायची ‘सीपॅप’ची युक्ती १९७१ साली आली, आणि गायीच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट बाळाच्या श्वासनळीत सोडण्याचा प्रयोग जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० साली यशस्वी केला. आज पॅट्रिकएवढं बाळ अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या नवजात कक्षात आलं तर ते घरी जाईल असंच डॉक्टर धरून चालतात.

गावाकडं सगळे म्हणतात, "लेकराले काचीच्या पेटीत ठेवलं." बहुतेक ठिकाणी पेटी नसतेच. उघडा पाळणा आणि वर ऊब देणारा वॉर्मर असतो, म्हणजे सिस्टरचा हात झटकन पोचतो. खरी पेटी आली पॅरिसहून. तिथल्या प्रसूतिगृहाचे डॉक्टर स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि १८८० च्या सुमारास तसंच बाळांसाठी करून घेतलं. दोन किलोखालच्या बाळांतले मृत्यू शेकडा ६६ वरून ३८ वर आले. पुढची कथा ऐकवत नाही अशी आहे. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थानं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ पासून चाळीस वर्षं अशी जिवंत बाळं पेट्यांत ठेवून तिकीट लावून दाखवली. आईबापांकडून तो एक पैसा घेत नसे, तिकिटाच्या पैशांतून नर्सांचे पगार निघत. दवाखाने या बाळांना घ्यायला तयार नव्हते तेव्हा जत्रेनं हजारो बाळं वाचवली. मला त्यात खटकतं ते एवढंच की काचेबाहेर उभं राहून बघायला सगळ्या जगाला मुभा होती आणि बाळाजवळ आईला ठरलेली जागा नव्हती. हे दूरपण दवाखान्यांनी पुढं कितीतरी दशकं पाळलं.

आम्हाला आत जाता येत होतं. चप्पल बाहेर, अंगठी-घड्याळ खिशात, बाह्या वर, कोपरापर्यंत साबण. "भाऊ, नखं कापून या आधी," असं सांगून एका सिस्टरनं मला पहिल्याच दिवशी परत पाठवलं. तेव्हा राग आला होता. या बाळांना मारणाऱ्या कारणांत जंतुसंसर्ग फार वरच्या क्रमांकावर आहे आणि तो बहुतेक वेळा हातांवरूनच जातो, हे कळल्यावर राग गेला. पाळण्याला चिकटवलेल्या कार्डावर मुलीचं नाव नव्हतं, ‘बेबी ऑफ’ आणि पुढं आईचं नाव. पाचवीची पूजा घरी पाळण्याशिवायच झाली, बारसं राहूनच गेलं.

पहिले काही दिवस दूध तोंडानं नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका लयीत जमायला साधारण चौतिसावा आठवडा उजाडतो. तोवर तोंडातून पोटात गेलेली बारीक नळी. सिस्टर पिस्टन काढलेली सिरिंज नळीला लावते, त्यात आईचं दूध ओतते, सुरुवातीला दोन मिली, आणि सिरिंज वीतभर वर धरून उभी राहते. ढकलायचं नाही. दूध आपल्या वजनानं उतरू द्यायचं. दोन मिली उतरायला किती वेळ लागतो हे बघितल्याशिवाय कळायचं नाही. मध्येच मॉनिटर वाजायचा. मुलगी श्वास घ्यायलाच विसरलेली असायची. या वयात मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं. सिस्टर न धावता येई, तळपायाला बोटानं एक टिचकी मारी, आणि छाती पुन्हा हलू लागे. त्यासाठी रोज औषध चालू होतं, ते म्हणजे कॅफीन, आपल्या चहा-कॉफीतलंच. हळूहळू मी पडद्याकडं बघणं सोडून मुलीच्या रंगाकडं बघायला शिकलो. ऑक्सिजनचा आकडा नव्वद ते पंचाण्णवच्या मध्ये ठेवायचा असतो. शंभर दिसला की मी खूश व्हायचो आणि सिस्टर ऑक्सिजन कमी करायची. त्याचं कारण पुढे येतं.

कावीळ झाली तेव्हा डोळ्यांना पट्टी बांधून तिला निळ्या उजेडात ठेवलं. या उपायाचा माग इंग्लंडच्या एका नर्सबाईनं लावला. १९५६ साली रॉचफर्डच्या दवाखान्यात सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाचं अंग उजळलं आणि चादरीखाली झाकला गेलेला तिकोनी तुकडा पिवळाच राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. म्हणून घरी कोवळ्या उन्हात ठेवलं की भागतं असं कुणी समजू नये. उपयोगी किरण निवडून, मोजून द्यावे लागतात, आणि इतकं लहान लेकरू उघडं ठेवलं तर गारठतं.

बाहेरच्या बाकावर बापांची बैठक असे. संत्र्याचा भाव हजारात आणि टनात करणारी माणसं तिथं ग्रॅमवर आलेली. "आज किती?" "बारानं वाढली." "आमचा वीसनं उतरला राजेहो." पहिल्या आठवड्यात अशा बाळाचं वजन दहा-पंधरा टक्के उतरतं आणि ते ठरलेलंच असतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बऱ्याच जणांची झोप वाचली असती. मोर्शीकडचा एक बाप बर्फाच्या डब्यात दुधाची वाटी घेऊन एसटीनं यायचा. बायको टाक्यांमुळे तिकडच्याच दवाखान्यात अडकली होती. आमच्या बाकावरचा मान त्याला होता.

कारण दूध हेच औषध. दिवसांआधी बाळंत झालेल्या बाईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं जास्त असतात. चिकाचे दोन थेंब बाळाच्या गालाच्या आतून फिरवले तरी फायदा असतो. डब्याच्या पावडरीनं आतड्याला सूज येऊन कुजण्याचा धोका वाढतो. हे मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी फार आधी ओळखलं. बाळं जंतुसंसर्गानं दगावत होती, तेव्हा त्यांनी बाटल्या आणि पावडर हद्दपार केली, आयांना बाळाच्या कामात घेतलं, आणि १९८९ साली तिथं आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उघडली. आईला दूध येतं ते बाळाच्या जवळिकीनं आणि दर दोन-तीन तासांनी काढत राहिल्यानं. "तुले दूधच नाई" असं रोज ऐकवल्यानं ते येत नाही.

एक दिवस सिस्टरनं मला शर्ट काढायला लावला. टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर मुलगी माझ्या छातीवर उभी ठेवली आणि वरून कापड गुंडाळलं. माझी छाती घामानं भिजली, मॉनिटर मात्र वाजला नाही. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्याकडं पेट्या कमी आणि बाळं जास्त होती, तेव्हा नाइलाजानं ही पद्धत सुरू झाली. गरिबाचा उपाय म्हणून मोठ्या देशांनी तिच्याकडं बरीच वर्षं दुर्लक्ष केलं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेचा पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक ते सुमारे १.८ किलोची बाळं स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच आईच्या अंगाला लावली, तर मृत्यू शेकडा २५ नं कमी झाले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागाच्या आतच टाकावी लागली. कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा ती खाट मला जास्त महत्त्वाची वाटते. आईबापांना शिकवून कामाला लावायची केंद्र सरकारची मार्गदर्शिका २०१७ पासून आहे. बाहेर खुर्च्या टाकून त्यांना बसवून ठेवायची सवय मात्र अजून बऱ्याच ठिकाणी गेलेली नाही.

यंत्रावर सगळा भार टाकला की काय होतं, ते विदर्भानं पाहिलं आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा गेली. विजेची तपासणी, आग विझवायची साधनं, रात्रपाळीला पुरेशा सिस्टर हेही औषधोपचारातच धरायला हवं. आणि याच विदर्भानं दुसरी गोष्टही दाखवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायांना बाळाचं वजन करायला, ऊब द्यायला, श्वास मोजायला आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन द्यायला शिकवलं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’नं ते १९९९ साली छापलं. दारात वजनकाटा घेऊन येणारी आशाताई ही त्याच प्रयोगाची पुढची पायरी. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडं तिनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं. २०२० साली महाराष्ट्रात हजार जन्मांमागे ११ नवजात मृत्यू होते, देशात २०.

पैशांचं थोडक्यात. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे. खासगीत जावं लागलं तर तो दवाखाना महात्मा फुले योजनेत आहे का, हे दारातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

घरी आल्यावर खरी लढाई नातेवाइकांशी. शेगडी, ओव्याची धुरी, घुटी, नाकात तेल, डोळ्यात काजळ, सगळं प्रेमानंच समोर येतं. धूर त्या फुप्फुसांना अजिबात चालत नाही. मी धुपाटणंच उचलून माळ्यावर टाकलं, आठवडाभर घरात कुणी बोललं नाही.

आता तो ऑक्सिजनचा शंभर आकडा. १९४० च्या दशकात अशा बाळांना मुक्तहस्तानं ऑक्सिजन देत, आणि वाचलेली हजारो मुलं आंधळी झाली. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. जादा ऑक्सिजननं त्यांची वाढ बिघडते आणि पडदा सुटू शकतो. पुढे ऑक्सिजन फारच आखडता घेतला तर बाळं दगावू लागली, म्हणून आजचा तो नव्वद-पंचाण्णवचा पट्टा. तरीही दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांआधीचं प्रत्येक बाळ तीस दिवसांच्या आत पडदा तपासणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचंच. फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाहेरून डोळा अगदी नितळ दिसतो, म्हणून घरचे म्हणतात, कशाला थंडीत एवढं दूर नेता. वेळेत लेझर केलं तर नजर वाचते, त्या काही आठवड्यांनंतर फार थोडं करता येतं. कानाची तपासणीही त्याच फेरीत उरकावी.

पालथं पडणं, बसणं, बोलणं हे सगळं दोन वर्षांपर्यंत खऱ्या तारखेपासून मोजायचं, म्हणजे जन्मायला हवं होतं त्या तारखेपासून. शेजारची तीन महिन्यांची मान धरते आणि आपली धरत नाही, तर आपली अजून तीन आठवड्यांचीच असते. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे. शाळाही जन्मतारखेप्रमाणेच, आणि याचा विचार कुणी आधी करत नाही. महाराष्ट्रात पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पुरी लागतात. आमची मुलगी फेब्रुवारीच्या शेवटी व्हायची, झाली डिसेंबरात, आणि त्या दोन-अडीच महिन्यांनी ती नियमानं एक वर्ष आधीच्या वर्गात बसत होती. आम्ही तिला मुद्दाम एक वर्ष थांबवलं. बालरोगतज्ज्ञांनी हेच सुचवलं होतं आणि मुख्याध्यापकांना दवाखान्याचं जुनं कार्ड दाखवल्यावर त्यांनी फार खळखळ केली नाही.